कंट्रोलचा तांदूळ, बाजारची ज्वारी: दोन चुलींच्या किराण्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात, एका वाडीवर दोन सख्ख्या भावांची घरे एकाच भिंतीला लागून आहेत. रान थोडे, कोरडवाहू. दोन्ही घरांत भाकरी ज्वारीची, कालवण बहुतेक दिवस वरण किंवा बेसन, किराणा एकाच दुकानातून आणि पैसे कमी पडले की त्याच दुकानाच्या वहीवर. दोघांचीही रेशनकार्डे केशरी, मात्र शिक्के वेगळे. थोरल्याच्या कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का, धाकट्याच्या कार्डावर ‘एपीएल शेतकरी’ (एपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचा). थोरल्याला दरमहा धान्य मिळते आणि धाकट्याला धान्याऐवजी खात्यात पैसे.

हे प्रकरण हिशेबासाठी मांडले आहे. घरे नमुन्याची आहेत, बाजारभाव ठोकळ धरले आहेत. योजनांचे नियम, दर आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच: सरकारकडून आलेल्या मदतीने या दोन घरांच्या खाण्यावरच्या खर्चात नेमके काय हलते?

शिक्क्यांमागचे नियम

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. सर्वांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, मग घरात माणसे कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार रुपये, शहरात ५९ हजार. गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो हे दर डिसेंबर २०२२ पर्यंत चालले आणि जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झाले.

धाकट्याची योजना वेगळी आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत जे केशरी कार्डवाले शेतकरी अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत बसत नव्हते, त्यांना राज्याने २०१५ पासून त्याच दराने माणशी ५ किलो धान्य सुरू केले. जानेवारी २०२३ पासून या धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये रोख ठरले, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. पैसे कार्डावरच्या कुटुंबप्रमुख महिलेच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात.

एकाच आईच्या दोन लेकरांचे शिक्के वेगळे कसे? याचे उत्तर ‘इष्टांक’ या एका शब्दात आहे. तालुक्याला किती लाभार्थी घेता येतील हा आकडा ठरलेला असतो आणि त्याचा पाया २०११ ची जनगणना आहे. धाकट्याने चूल वेगळी केली, नवे कार्ड काढले, तेव्हा यादीत जागा नव्हती. सातबारा नावावर होता, म्हणून तो शेतकरी योजनेत गेला. थोरल्याच्या घरातही हाच इष्टांक आडवा येतो. खाणारी माणसे सहा, कार्डावर नावे पाच. धाकट्या लेकराचा जन्मदाखला आणि आधार देऊन अर्ज केलेला आहे, पण जागा रिकामी होईपर्यंत नाव चढत नाही.

थोरल्याची चूल

सहा माणसांना महिन्याला साधारण ५० किलो धान्य लागते. त्यात म्हातारी आणि तीन लेकरे आली, म्हणून माणशी आठ-साडेआठ किलो. बाजारभाव असे धरू: ज्वारी ३६, गहू ३०, तांदूळ ४० रुपये किलो.

रेशन नसते तर हे घर ३४ किलो ज्वारी, १० किलो गहू आणि ६ किलो तांदूळ आणते. पोळी सणाला, पाहुणा आला तर आणि लेकरांच्या डब्यापुरती. भात रात्री थोडा, नाहीतर खिचडी. खर्च १,२२४ अधिक ३०० अधिक २४०, म्हणजे १,७६४ रुपये.

आता रेशन येते. पाच नावांचे २५ किलो. गहू-तांदळाचे प्रमाण नियतनावर, म्हणजे सरकारने वाटपासाठी ठरवून दिलेल्या कोट्यावर, ठरते आणि बदलत राहते. या हिशेबात माणशी २ किलो गहू आणि ३ किलो तांदूळ धरला, म्हणजे १० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ.

गव्हाचे गणित सरळ आहे. १० किलो आणणारच होते, १० किलो मिळाला, ३०० रुपये खिशात राहिले. जी वस्तू घर नाहीतरी विकत घेणार होते, ती तेवढीच किंवा त्याहून कमी फुकट मिळाली, तर ती मदत रोख पैशासारखी वागते. अन्न-मदतीच्या अर्थशास्त्रात हा मुद्दा १९४०च्या दशकापासून मांडला जातो आणि गव्हापुरता तो इथे चोख बसतो.

तांदळाचे तसे होत नाही. लागतो ६ किलो, मिळतो १५. वरचा ९ किलो या घराने स्वतःच्या पैशाने कधीच आणला नसता. त्याचे काय होते ते चुलीपाशी बसून पाहावे लागते. दळण टाकताना ज्वारीत मूठ-दोन मुठी तांदूळ जातो, भाकरी पांढरी आणि मऊ होते. आठवड्यात एखादी संध्याकाळ भाकरीऐवजी खिचडीवर निघते. उन्हाळ्यात पापड्या होतात. असा ४ किलो तांदूळ ज्वारीच्या जागी खपतो आणि ज्वारीची खरेदी ३४ वरून ३० वर येते. उरतो ५ किलो. तो कोंबड्यांना जातो, नाहीतर दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला १८-२० रुपयांनी दिला जातो, नाहीतर त्याच्या बदल्यात मीठ-साबण घेतले जाते. रेशनचे धान्य विकणे नियमात बसत नाही, हे घरातल्यांनाही ठाऊक असते. पण ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या घरात तांदळाचे पोते ठेवले की ते कुठेतरी वाट काढणारच. सगळा दोष कार्डधारकाच्या माथी मारणाऱ्यांनी एकदा बालाघाटातले ताट पाहावे.

तर रेशननंतरचा धान्यखर्च: ३० किलो ज्वारी, १,०८० रुपये. वाचले ६८४. बाजारभावाने या २५ किलोंची किंमत ९०० रुपये होते (आणि रेशनच्या जाड तांदळाला ४० चा भाव धरणे जरा सढळच आहे). ९०० आणि ६८४ मधले २१६ रुपये तांदळात अडकले. पाच किलो १८ ने गेला, त्याचे ९० रुपये परत आले. बाकीचे म्हणजे घराला नको असलेल्या धान्याची घट.

एकाच कार्डावरचा गहू पैशासारखा वागतो आणि तांदूळ ताट बदलतो किंवा बाजारात जातो. म्हणून ‘रेशनमुळे घराचा खर्च किती वाचतो’ याचे उत्तर कार्डागणिक देता येत नाही, धान्यागणिक द्यावे लागते. भंडारा-गोंदियाकडच्या भात खाणाऱ्या घरात याच १५ किलो तांदळाचा जवळजवळ पूर्ण पैसा वाचेल.

वाचलेले ६८४ कुठे गेले

सगळे खाण्यावर जात नाहीत, आणि जाऊही नयेत. रेशनशिवायच्या महिन्यात धान्य सोडून बाकी खाण्यावर (डाळ, तेल, साखर-चहा, भाजी, दूध, मसाला) हे घर ४,२०० रुपये खर्च करते असे धरू. धान्याचे पैसे सुटल्यावर तूरडाळ अर्धा किलोने वाढते (६५ रुपये), गोडतेल अर्ध्या लिटरने (७०), महिन्याला डझनभर अंडी येतात (८४), आठवडी बाजारातली भाजी थोडी वाढते (६०). मिळून २८० च्या आसपास. उरलेले ४०० बचत गटाचा हप्ता, मोबाईलचे रिचार्ज, म्हातारीची बीपीची गोळी आणि वहीवरची जुनी बाकी यांत जातात.

आता बेरीज करताना बहुतेक जण इथेच फसतात. आधी खाण्यावरचा रोख खर्च १,७६४ अधिक ४,२००, म्हणजे ५,९६४. नंतर १,०८० अधिक ४,४८०, म्हणजे ५,५६०. कागदावर खर्च ४०४ रुपयांनी घटला. नुसता हा आकडा पाहणारा म्हणेल, रेशन मिळाले की लोक खाण्यावर कमी खर्च करतात. पण घरात शिजलेल्या २० किलो रेशनची किंमत, ७०० रुपये, त्यात धरली की खाणे ६,२६० रुपयांचे होते. खिशातून गेले कमी, पोटात गेले जास्त. दोन्ही एकाच वेळी खरे.

राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग-खर्च पाहणीत याच कारणासाठी दोन आकडे दिले जातात. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता, फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरल्यावर ३,८६०. २०२३-२४ मध्ये तेच आकडे ४,१२२ आणि ४,२४७. कोणत्या आकड्यावर बोलतोय हे सांगितल्याशिवाय चर्चा करणे म्हणजे सोललेले आणि न सोललेले शेंगदाणे एकाच भावाने तोलणे.

‘फुकट’ झाले त्या महिन्यात काय झाले

जानेवारी २०२३ मध्ये धान्य फुकट झाले, याची जाहिरात खूप झाली. थोरल्याच्या घराच्या वहीत तो महिना वेगळा दिसतो. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून, मधले काही महिने वगळता, माणशी ५ किलो जादा धान्य फुकट मिळत होते. नेहमीचे २५ किलो ६५ रुपयांत (गव्हाचे २०, तांदळाचे ४५) आणि वरचे २५ फुकट, असे ५० किलो. जानेवारीपासून ६५ रुपये वाचले आणि २५ किलो गेले.

५० किलो म्हणजे या घराची महिन्याची पूर्ण गरज. मग त्या काळात ज्वारीची खरेदी थांबली असेल? थांबत नाही. शिवाय मे २०२२ मध्ये गव्हाची सरकारी खरेदी घटल्याने महाराष्ट्रासह काही राज्यांचा या योजनेतला गहू कमी करून तांदूळ वाढवला गेला. जे धान्य घरात पैशासारखे वागते तेच कमी झाले आणि जे वाट काढते ते वाढले. किलोंची बेरीज तेवढीच राहिली, घरातली किंमत मात्र उतरली.

दिवाळी २०२२ चा ‘आनंदाचा शिधा’ याच्या उलट टोकाला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि तेल एक लिटर. यातले तेल आणि साखर घर दर महिन्याला आणतेच, आणि दिवाळीत रवा-डाळही आणतेच. म्हणून त्या पिशवीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू रोख पैशासारखी. पोटात फार काही वाढले नाही, पण दिवाळीची उधारी हलकी झाली.

धाकट्याची चूल

माणसे चार, नावे चार. धान्य लागते ३४ किलो: ज्वारी २३, गहू ७, तांदूळ ४. खर्च ८२८, २१० आणि १६०, एकूण १,१९८. खात्यात यायला हवेत ६८० रुपये.

कागदावर धाकटा पुढे आहे. थोरल्याची बचत कार्डावरच्या नावामागे १३७ रुपये पडते, विकलेल्या तांदळाचे धरून १५५. धाकट्याला १७०. नको असलेला तांदूळ गळ्यात पडत नाही, ताटात ज्वारी राहते. इथवर रोख बरी.

अडचण पुढे सुरू होते. पहिली गोष्ट, पैसे दर महिन्याला येत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा होतात. तीन महिन्यांचे २,०४० रुपये मृगाच्या तोंडावर आले तर त्याचे बियाणे आणि खताची गोणी होते, डाळ होत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबाने ते चूकही नाही. फक्त मदत अन्नासाठी होती आणि खर्च झाला पेरणीवर, एवढे नोंदवायचे. उलट ज्या महिन्यात पैसे नाहीत त्या महिन्यात ज्वारी वहीवर आणावी लागते आणि वहीवरचा भाव ३६ ऐवजी ४० लागतो. २३ किलोंवर ९२ रुपये जादा. आषाढ-श्रावणात, मजुरी थंडावते तेव्हा, हेच दोन-तीन महिने लागोपाठ होते.

दुसरी गोष्ट, पैसे कोणत्या खात्यात आले हेच कळत नाही. आधारवर आधारलेली रक्कम, जे खाते आधारशी सर्वांत शेवटी जोडले गेले, त्यात जाते. बाईने गावातल्या बँकेचे पासबुक जपून ठेवलेले असते आणि मध्येच कधीतरी मोबाईलवाल्याच्या दुकानात अंगठा देऊन उघडलेले खाते आधारला जोडले गेलेले असते. पासबुक कोरे, पैसे तिकडे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपयेही त्याच वाटेने येऊ लागले. मेसेज आला की हे रेशनचे की त्या योजनेचे, हे बाईला रक्कम पाहूनच ओळखावे लागते. अशा घरात ‘रेशनच्या पैशातून डाळ घेतली का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण पैशाला कप्पा राहिलेला नाही.

पैशाला कप्पा असला तर खर्च कसा बदलतो, याचा पुरावा अमेरिकेत सापडतो. तिथल्या ‘स्नॅप’ या अन्न-मदतीवरच्या एका अभ्यासात दिसले की मदतीच्या दर १०० डॉलरमागे खाण्यावरचा खर्च ५० ते ६० डॉलरने वाढतो, तर तेवढीच रोख हातात आली तर फार तर १० ने. तिथे मदत वेगळ्या कार्डावर येते आणि त्यावर फक्त खाण्याच्या वस्तू मिळतात. धाकट्याच्या घरात असे वेगळे कार्ड नाही. एक खाते आणि त्यात सगळे.

ज्वारी ५० झाली तर

ज्वारीचा भाव ३६ वरून ५० वर गेला असे धरू. धाकट्याचे ६८० रुपये आधी जवळपास १९ किलो ज्वारी आणत होते, आता साडेतेरा आणतात. रकमेला महागाईची सोय नाही. १५० चे १७० व्हायला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला.

थोरला सुरक्षित आहे असे वाटते, पण पूर्ण नाही. रेशन त्याला गहू-तांदळाच्या महागाईपासून वाचवते, ज्वारीच्या नाही. खाण्याची सवय तशीच ठेवली तर त्याचा धान्यखर्च १,०८० वरून १,५०० वर जातो. मात्र त्याच्याकडे कोपऱ्यात ५ किलो तांदूळ आहे. ज्वारी स्वस्त असताना जो फेरीवाल्याकडे जात होता, तोच आता दळणात आणि पातेल्यात जातो. ज्वारी २५ किलोवर येते, खर्च १,२५० वर थांबतो. त्याच भावात रेशन नसते तर २,२४० लागले असते. म्हणजे महागाईत रेशनची बचत ६८४ वरून ९९० वर जाते, आणि ती वाढ नको असलेल्या तांदळाने दिली. स्वस्ताईत जी घट वाटते, महागाईत तीच विमा ठरते. ‘लोक तांदूळ विकतात, म्हणजे त्यांना नको आहे, मग पैसेच द्या’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. तो फक्त स्वस्त ज्वारीच्या महिन्यात पाहणी करणाऱ्याला पटतो. खरा उपाय रेशनमध्ये ज्वारी नियमित देण्यात आहे.

मोजताना कुठे चुकते

अशा घरांची पाहणी करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. कार्डावरची नावे आणि पंगतीला बसणारी माणसे वेगवेगळी विचारा. धान्य ‘मिळाले किती’ हे कार्डावरून घेऊ नका, रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या (पॉस) मशीनची पावती पाहा आणि जमले तर घरी वजन करा. ‘महिन्याला ज्वारी किती लागते’ विचारले की गोल आकडा मिळतो. त्याऐवजी दिवसाला भाकरी किती थापता ते विचारा. किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात, त्यावरून हिशेब बांधता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी घरात येते, काढणीची मजुरीही काही ठिकाणी धान्यातच मिळते. त्या महिन्यातली पाहणी ज्वारीची खरेदी शून्य दाखवेल आणि श्रेय रेशनला जाईल.

आणि खेपा मोजा. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटला नाही, रेंज गेली किंवा माल आला नाही म्हणून परत यावे लागले, तर त्या दिवसाची बाईची मजुरी बुडते. ३०० रुपये रोज धरला तर एक वाया गेलेली खेप ६८४ मधले जवळजवळ निम्मे खाते. कोणत्याही खर्चपाहणीत हे ‘अन्नावरचा खर्च’ म्हणून कधीच येत नाही.

कोयत्यावर गेल्यावर

दिवाळीनंतर थोरला आणि त्याची बायको उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा वरचा सगळा हिशेब दोन जागी फुटतो. धाकटे लेकरू सोबत नेले जाते. घरी म्हातारी आणि शाळेतली दोन पोरे राहतात, कार्डही घरीच राहते. कार्डावरच्या कोणत्याही एका माणसाच्या अंगठ्यावर पूर्ण धान्य उचलता येते, म्हणून तिघांच्या घरात २५ किलो येत राहते. तिघांना लागते जेमतेम २५. त्यातली ज्वारी घरच्या कणगीतून किंवा विकत, म्हणजे आता तांदूळ अजून जास्त उरतो. तिकडे फडावर मात्र नवरा-बायको पीठ, तेल, मिरची सगळे बाजारभावाने किंवा टोळीजवळच्या दुकानातून उधारीवर घेतात.

‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे त्यांना आपल्या वाट्याचे १० किलो कारखान्याच्या गावात उचलता येतात आणि उरलेले १५ म्हातारीला गावी घेता येतात. सोय आहे. पण ऊस सोलून सोलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही. दुकान उघडे असते तेव्हा टोळी फडात असते. आणि तिथल्या दुकानदाराकडचा माल त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबाने आलेला असतो, महिनाअखेरीला बाहेरच्या कार्डासाठी गहू उरत नाही. मग उरतो तांदूळ, आणि कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) तीन दगडांच्या चुलीवर पहाटे साडेतीनला थापायची असते ती भाकरी.